बारावीनंतर रेडिओग्राफीची पदवी : मुलीला पाठवावे का? (इंदूर)

राजेंद्रनगरकर

नमस्कार. आमची कन्या यंदा बारावी उत्तीर्ण झाली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र असे तिचे विषय होते. वैद्यकीय प्रवेश परीक्षेत पुरेसे गुण मिळाले नाहीत आणि आणखी एक वर्ष भंवरकुआच्या शिकवणीवर्गांत घालवण्याची तिची तयारी नाही. गेल्या दिवाळीत माझ्या सासूबाई अंगणात घसरल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर एक्स-रे काढायला हीच गेली होती. एकाच मनगटाच्या दोन फिल्म कशासाठी, असे तिने तिथल्या ताईंना विचारले आणि त्यांनी गर्दीतही तिला समजावून सांगितले की समोरून जवळजवळ सरळ दिसणारे हाड बाजूच्या फिल्ममध्ये हाताच्या पाठीकडे सरकलेले दिसते. तेव्हापासून तिने रेडिओग्राफीचा ध्यास घेतला आहे.

घरात मात्र एकमत नाही. यजमानांचे म्हणणे असे की दोन वर्षांची पदविका पुरेशी असताना पदवीसाठी चार वर्षे कशाला घालवायची. ज्यांच्या मनगटावरून हे सगळे सुरू झाले, त्या सासूबाईंनाच सर्वांत जास्त काळजी आहे. रोज किरणे अंगावर घेणाऱ्या मुलीचे पुढे लग्न आणि मुलेबाळे कशी व्हायची, असे त्या विचारतात. मला स्वतःला एवढेच जाणून घ्यायचे आहे की हा अभ्यास प्रत्यक्षात कसा असतो आणि पुढे तिला सोनोग्राफीचे केंद्र काढता येईल का. या क्षेत्रातील कोणी येथे असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

शंकासुर

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ही बटण दाबण्याची नोकरी आहे. लहान केंद्रांत सुरुवातीला हातावर पडणारा पगार पाहिला, तर खाजगी महाविद्यालयाच्या शुल्काचा हिशेब कितीतरी वर्षे जुळत नाही. माझ्या भाच्याच्या बाबतीत हे पाहिले आहे. शिवाय आता संगणकच फिल्म वाचू लागला आहे. पदवी घ्यायचीच असेल तर दुसऱ्या कशाची घ्यावी.

अंधारखोली

मी याच शहरात 34 वर्षे रेडिओग्राफर म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. त्यांतील पहिली पंधराएक वर्षे लाल दिव्याखाली गेली. फिल्म डेव्हलपरच्या टाकीत बुडवायची, फिक्सरमधून काढायची, धुवायची आणि वाळत घालायची. डेव्हलपरचे तापमान 20 अंशांच्या आसपास राहावे लागे, आणि मे महिन्यातल्या इंदुरात ते राखायचे म्हणजे टाकीभोवती बर्फ रचायचा, म्हणून आमच्या विभागाचा बर्फवाला ठरलेला होता. हे सदस्यनाम त्या खोलीवरूनच घेतले आहे.

शंकासुर यांच्या ‘बटण दाबण्याची नोकरी’ या शब्दांवर माझा आक्षेप आहे. बटण दाबायला सेकंदही लागत नाही. त्याच्या आधीची पाच मिनिटे कशी गेली, यावर फिल्म ठरते. सर्वांत साधी समजली जाणारी छातीची फिल्म घेऊ. रुग्णाला पाठ आपल्याकडे करून उभे करायचे, हनुवटी वर, हात कमरेवर आणि खांदे पुढे लोटलेले. खांदे पुढे का, तर त्यामुळे पाठीवरची खांद्याची चपटी हाडे फुप्फुसांच्या बाहेर जातात. छाती प्लेटला का टेकवायची, तर हृदय छातीच्या पुढच्या बाजूस असते, ते प्लेटजवळ आले की त्याची सावली उगाच मोठी पडत नाही. किरणे सोडणारी ट्यूब 180 सेंटिमीटरवर का, त्याचेही कारण हेच. मग ‘सांस भरिए, रोकिए’ म्हणायचे आणि त्याने श्वास खरोखरच पूर्ण भरला आहे का, हे खांद्यांकडे पाहून ओळखायचे, कारण अर्ध्या श्वासात काढलेल्या फिल्ममध्ये निरोगी माणसाचे हृदयही मोठे आणि फुप्फुसांचे तळ धुरकट दिसतात आणि पुढचे सगळे औषधोपचार त्या एका अर्ध्या श्वासामुळे भलतीकडे जाऊ शकतात.

त्यात आमच्याकडचा रुग्ण धारचा, झाबुआचा, अलीराजपूरचा असतो. भिली बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या गळ्यात चांदीची हासळी असते, जी लग्नानंतर कधी उतरलेलीच नसते. चांदी किरणांना जवळजवळ अडवूनच धरते, त्यामुळे तिच्यामागचे काही दिसणार नाही. ताईत, जरीचा पदर, केसांची जाड वेणी हे सगळे फिल्मवर उमटते. खांद्यावर पुढे आलेली ओली वेणी फुप्फुसाच्या टोकावर डागासारखी दिसते आणि क्षयाची शंका येते. बरोबरच्या मुलीकडून किंवा सुनेकडून निरोप पोचवून, बाईचा मान राखून ते उतरवून घ्यावे लागते. मंगळसूत्र काढायला नकार आला, तर ते वर सरकवून हनुवटीखाली धरायला सांगावे. (एक्स-रेचा शोध लावणाऱ्या रंटगेनने 22 डिसेंबर 1895 रोजी पत्नीच्या हाताची जी फिल्म काढली, तिच्यात बोटातली अंगठी ठळक दिसते. तेव्हा दागिन्यांचा हा प्रश्न आमच्या धंद्याइतकाच जुना आहे.)

अपघाताचा रुग्ण आला की शिकलेले पुन्हा उलटे करावे लागते. मानेला मार असण्याची शक्यता असलेल्या माणसाला कुशीवर वळवायचे नसते. तो जसा आला तसा उताणा ठेवून ट्यूब फिरवून बाजूची फिल्म घ्यायची असते. पुस्तकात रुग्ण नेहमी सरळ उभा असतो, आणि रात्री दोन वाजता ए. बी. रोडवरून आणलेला मोटारसायकलस्वार तसा नसतो.

संगणकाबद्दल सांगायचे तर फिल्म वाचून अहवाल देणे हे रेडिओग्राफरचे काम आपल्याकडे कधी नव्हतेच. ते रेडिओलॉजिस्टचे, म्हणजे एम. बी. बी. एस. नंतर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचे काम आहे. या दोन शब्दांची गल्लत लग्नाच्या मांडवात सर्रास होते आणि काही मंडळी ती होऊ देतात. संगणकामुळे चिंता करायची असेल तर ती रेडिओलॉजिस्टनी करावी; खुबा मोडलेल्या आजोबांना टेबलावर घेणारा संगणक अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.

पगाराबाबत शंकासुर यांचे म्हणणे मला पूर्ण खोडता येत नाही. केवळ साध्या एक्स-रेवर राहिलेल्या माणसाची सुरुवात कमी पैशांत होते. सी. टी. आणि एम. आर. आय. स्वतंत्रपणे चालवता येऊ लागले की फरक पडतो, आणि पदवी की पदविका या प्रश्नाचे माझे उत्तर त्यातच आहे. मी स्वतः पदविकाधारक. माझ्या काळी ती पुरली. परंतु पदविकेच्या दोन वर्षांत शरीररचना, किरणांचे भौतिकशास्त्र आणि स्थिती देण्याचे कौशल्य एवढेच कसेबसे बसते. पदवीच्या तीन वर्षांत आणि त्यापुढील एका वर्षाच्या इंटर्नशिपमध्ये बाकीचे बसते. शिवाय 2021 साली केंद्राने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा केला. त्यात किमान 3600 तासांची, तीन ते सहा वर्षांची पदवी असणाऱ्यांना वेगळा दर्जा आहे आणि 2000 तासांचा पदविका किंवा पदवी अभ्यासक्रम केलेल्यांना वेगळा. आज सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने या भेदाच्या वरच्या बाजूस राहावे, असे मला वाटते.

राजेंद्रनगरकर

काका, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. कन्येने ते दोनदा वाचले आणि आजीलाही वाचून दाखवले. किरणांच्या भीतीबद्दल आणि सोनोग्राफीबद्दल अजून ऐकायचे आहे.

इंटर्न_दुसरी_पाळी

काकू, मी इंदुरातच पदवीच्या इंटर्नशिपमध्ये आहे. सोनोग्राफीचे आधी सांगते, कारण माझ्या आईबाबांचाही तोच गैरसमज होता. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्यामुळे आपल्या देशात सोनोग्राफी पात्र डॉक्टरच करू शकतात आणि केंद्राची नोंदणीही त्याच कायद्याखाली होते. आम्ही तो विषय परीक्षेपुरता शिकतो, हातात प्रोब घेत नाही. तेव्हा सोनोग्राफी केंद्राचे स्वप्न या पदवीवर बांधू नये.

अभ्यासाबद्दल सांगायचे तर पहिले वर्ष अनेकांना जड गेले, आणि ते शरीररचनेमुळे नव्हे तर भौतिकशास्त्रामुळे. बारावीत पाठ करून उत्तीर्ण झालेल्यांना येथे कारणे विचारली जातात. ट्यूबमध्ये टंगस्टनच का वापरतात, तर आत जाणाऱ्या ऊर्जेतील सुमारे 99 टक्के ऊर्जेची उष्णताच होते आणि जेमतेम एक टक्का किरणांच्या रूपाने बाहेर पडते. एवढा ताप सोसणारा आणि शिवाय जड अणूचा धातू हवा, आणि टंगस्टन वितळतो 3422 अंशांना. केव्ही म्हणजे किरणांचा जोर आणि एमएएस म्हणजे त्यांची मात्रा, हे एकदा कळले की केव्ही 15 टक्क्यांनी वाढवणे हे फिल्मच्या काळेपणाच्या दृष्टीने एमएएस दुप्पट करण्यासारखे का असते, ते आपोआप उमजते. दुसऱ्या वर्षी बेरियमच्या तपासण्या, आयोडीनचे कॉन्ट्रास्ट (आतले भाग उठून दिसावेत म्हणून द्यायचे द्रव्य), ते देण्याआधी मूत्रपिंडाचे काम कसे आहे ते सांगणारे क्रिएटिनिन का पाहायचे, ॲलर्जीची प्रतिक्रिया कशी ओळखायची हे आले. तिसऱ्या वर्षी सी. टी. आणि एम. आर. आय.

एम. आर. आय. मध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे घरच्यांना ते सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात मला त्या खोलीचीच जास्त भीती वाटते, कारण तेथील चुंबक तपासणी संपल्यावर बंद होत नाही, रात्रंदिवस चालूच असतो. घाईत कोणी ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर घेऊन आत शिरला, तर तो हातातून सुटून यंत्राच्या तोंडाकडे उडतो. दारापाशी उभे राहून आत येणाऱ्या प्रत्येकाचे खिसे, चाव्या, पेसमेकर आणि शरीरात बसवलेले धातू विचारणे, हे माझे सध्याचे निम्मे काम आहे.

आणखी एक प्रश्न कोणी आधी सांगत नाही. मूल होण्याच्या वयाच्या प्रत्येक स्त्रीला पोटाच्या किंवा कमरेच्या फिल्मआधी शेवटची पाळी केव्हा आली, हे विचारावेच लागते. सासू शेजारी उभी असते आणि सून खाली मान घालून ‘नाही’ म्हणते. मी आता सासूबाईंना बाहेर अर्ज भरायला पाठवते आणि मग पुन्हा विचारते. दोनदा उत्तर बदललेले आहे. मुली या क्षेत्रात हव्यात, याला माझ्या मते हे एक कारण पुरेसे आहे.

काका, एका मुद्द्यावर मात्र विचारायचे आहे. आम्हाला शिकवतात की कमरेच्या फिल्मच्या वेळी जननेंद्रियांवर शिशाची ढाल ठेवण्याची जुनी पद्धत सोडावी. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2019 साली तशी भूमिका घेतली आहे. विभागातील ज्येष्ठ मात्र ढाल ठेवल्याशिवाय सोडत नाहीत.

अंधारखोली

त्या भूमिकेमागचा तर्क मला मान्य आहे. ढाल जरा सरकली की नेमका हवा तो भाग झाकला जातो आणि फिल्म पुन्हा काढावी लागते. यंत्राची मात्रा आपोआप ठरत असेल, तर शिसे मध्ये आल्यावर ते मात्रा वाढवूनच सोडते. तरीही लहान मुलाच्या बापाने ‘साहेब, काही झाकत नाही का?’ असे विचारले की माझा हात ढालीकडे जाई. तुमच्या ज्येष्ठांचेही तसेच असेल. परीक्षेत नवे उत्तर लिहावे.

आता आजींच्या शंकेकडे वळतो. ती मुळीच हसण्यावारी नेण्यासारखी नाही, फक्त तिचे उत्तर आकड्यांत द्यावे लागते. आपण सर्वजण जमिनीतून, हवेतून आणि आकाशातून जी नैसर्गिक किरणे घेत असतो, त्यांची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट (हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) आहे. छातीच्या एका फिल्मला रुग्णाला 0.02 ते 0.1 च्या दरम्यान मात्रा मिळते, तर पोटाच्या सी. टी. ला दहाच्या आसपास. ही झाली रुग्णाची गोष्ट, आणि रेडिओग्राफर त्या झोतात उभाच नसतो. त्याच्या वाट्याला येतात त्या रुग्णाच्या अंगावरून विखुरलेल्या किरणांचे अंश, तेही तो आडोशामागे नसेल तेव्हा. अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 अशी मर्यादा घातली आहे. नीट काम करणाऱ्या साध्या एक्स-रे विभागातील माणूस या मर्यादेच्या आसपासही फिरकत नाही. गरोदरपणाची माहिती वेळीच कळवायची असते. त्यानंतर गर्भासाठी उरलेल्या महिन्यांत एक मिलिसिव्हर्टची मर्यादा लागू होते आणि कामाची वाटणी त्याप्रमाणे बदलली जाते. आमच्या विभागातील दोन सहकारी बायकांची मुले आज महाविद्यालयात आहेत.

आणखी एक सांगा त्यांना. बटण सोडले की किरणे संपतात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसेच हे आहे. भिंतीत, कपड्यांत, डब्यातल्या पोळीत काही राहत नाही. आणि अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाई होते, हा एकच नियम वॉर्डात फिरते यंत्र नेताना इतर सगळ्या साधनांहून अधिक कामाला येतो.

हे सर्व मोजले जाते ते छातीवर लावायच्या टीएलडी बॅजने. तो दर तीन महिन्यांनी तपासणीस जातो. एकदा माझ्याच बॅजवर भलताच मोठा आकडा आला आणि खुलासा द्यावा लागला. शोधल्यावर कळले की मी बॅज ॲप्रनला अडकवून, ॲप्रन एक्स-रेच्या खोलीतल्या खुंटीला टांगून आठ दिवस रजेवर गेलो होतो. खुंटीने माझ्या नावावर किरणे घेतली. चूक माझीच होती. बॅज ॲप्रनच्या आत, छातीशी, आणि काम संपले की खोलीबाहेर. ॲप्रनची घडी कधी घालू नये, आत भेगा पडतात आणि बाहेरून दिसत नाहीत.

मला खरी काळजी निराळ्याच गोष्टीची वाटते. फिल्मच्या काळी मात्रा जास्त झाली की फिल्म काळी ठिक्कर पडे आणि साहेब ती सर्वांसमोर दिव्याला लावून दाखवत. आता डिजिटल यंत्रावर जास्त मात्रेची प्रतिमा उलट अधिकच स्वच्छ दिसते, त्यामुळे कोणी रागावत नाही आणि हात हळूहळू सैल होत जातो. जिथे शिकवणारे पडद्यावरचा एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे मात्रा कमी-जास्त झाली का ते सांगणारा आकडा, रोज पाहायला लावतात, तिथे मुलीला घालावे.

मांडवीकर

बडोद्याहून लिहीत आहे. माझा मुलगा येथेच ही पदवी घेत आहे. इमारत, वातानुकूलित वर्ग आणि माहितीपत्रकातले फोटो पाहून आम्ही पहिल्या वर्षी एका खाजगी संस्थेत प्रवेश घेतला होता. तिथे रुग्णच नव्हते आणि सी. टी. चे यंत्र सहा महिने बंद होते. मुले भिंतीवरच्या तक्त्यावर स्थिती शिकत. वर्ष आणि पैसे दोन्ही गेले. आता तो ज्या मोठ्या रुग्णालयात जातो तिथे बसायला खुर्ची मिळत नाही, पण दिवसाला हाताखालून इतके रुग्ण जातात की रात्री झोपेतही तो ‘श्वास लो’ म्हणतो. इंदुरात एम. वाय. किंवा ग्वाल्हेरात जयारोग्यसारख्या मोठ्या रुग्णालयांत गर्दीची वानवा नाही. तिकडे प्रत्यक्ष जाऊन पाहावे, आणि विद्यार्थ्यांना स्वतःचा टीएलडी बॅज मिळतो का, हा एकच प्रश्न आधी विचारावा. उत्तराला उशीर लागला तर उठावे.

थेम्सकाठची

इकडे इंग्लंडात या पदवीचे नावच डायग्नोस्टिक रेडिओग्राफी आहे आणि किरणोपचाराची पदवी निराळी असते. पहिल्या दिवसापासून वाटा वेगळ्या. येथे एचसीपीसी या संस्थेकडे नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला रेडिओग्राफर म्हणवणे हाच गुन्हा ठरतो. पुढील शिक्षण घेतलेले रेडिओग्राफर काही प्रकारच्या फिल्मचे अहवालही लिहितात आणि सोनोग्राफीही करतात, जे तिकडे शक्य नाही. पुढे परदेशाचा विचार असेल तर अभ्यासक्रमाचा तपशील आणि रुग्णालयातील कामाचे तास यांची सही-शिक्क्यांची कागदपत्रे इंटर्नशिप संपायच्या आतच घेऊन ठेवावीत. मी ती दहा वर्षांनी मागायला गेले, तेव्हा विभागप्रमुख निवृत्त झाले होते आणि कारकुनाला माझी तुकडीच आठवत नव्हती.

शंकासुर

काकांच्या खुंटीवर हसलो. पगाराचा मुद्दा तेवढा मी मागे घेत नाही, पण बटणाचा घेतो.

राजेंद्रनगरकर

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. आम्ही तिघे दोन ठिकाणी जाऊन आलो. पहिल्या ठिकाणी बॅजचा प्रश्न विचारल्यावर कार्यालयातील गृहस्थांनी ओळखपत्र मिळते असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी विभागाच्या दारात खुर्च्याच नव्हत्या, लोक जमिनीवर बसले होते, आणि एक विद्यार्थिनी एका आजोबांची टोपी, कंठी व कमरेचा करगोटा एका पिशवीत घालून ती पिशवी त्यांच्याच हातात देत होती. तिच्या छातीवर बॅज होता. कन्येने तिथेच अर्ज भरला आणि काल प्रवेश निश्चित झाला. सासूबाईंना 2.4 चा आकडा फारसा पटला नाही, दिव्याचे उदाहरण मात्र पटले.

आता शेवटचे विचारते. वर्ग सुरू होण्याआधी काय घ्यावे लागेल? शिशाचा ॲप्रन आपण आणायचा असतो का?

अंधारखोली

अभिनंदन. ॲप्रन मुळीच घेऊ नका, तो विभागाचा असतो. पांढरा कोट, आवाज न करणारे बूट आणि शरीररचनेचे एक चांगले चित्रमय पुस्तक एवढे पुरे. मात्र ‘एल’ आणि ‘आर’ ही शिशाची दोन अक्षरे तिच्यासाठी जरूर करून घ्या. प्रत्येक फिल्मवर डावी-उजवी बाजू दाखवणारे अक्षर किरण सोडण्याआधीच प्लेटवर ठेवायचे असते, नंतर संगणकावर लिहायचे नसते, कारण डाव्याच्या जागी उजवा गुडघा कापला जातो तो अशाच ठिकाणी. त्या अक्षरांखाली काढणाऱ्याची आद्याक्षरे असतात, म्हणजे फिल्म कोणी काढली ते कायमचे उमटते. माझी जोडी अजून टेबलाच्या खणात आहे आणि ती मी आनंदाने दिली असती, पण तिच्यावर माझी आद्याक्षरे आहेत. तिने स्वतःची करून घ्यावीत.